नॉर्वेसारखे तुरुंग भारताला परवडतील का? कैद्यांच्या हक्कांवर एवढं का बोलायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नॉर्वेत कैद्याला स्वतंत्र खोली, टीव्ही, स्वयंपाकघर मिळतं असं तुम्ही वाचलंत. जगभर मानवाधिकारांच्या नावाखाली गुन्हेगारांचे लाड का चाललेत, आणि जिथे शाळांच्या गळक्या छपरांना पैसा नाही त्या देशाने या फंदात का पडावं?

प्रश्न रास्त आहे. सोलापुरात चहाच्या गाड्यावर हाच प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून ऐकतो. मी वकील नाही. यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहिण्यात नोकरीची वर्षं गेली. आता विधी सेवा प्राधिकरणाचा, म्हणजे गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, स्वयंसेवक म्हणून कोर्टाच्या आवारात असतो. आत असलेल्या माणसाचे कागद आणि बाहेर असलेले त्याचे घरचे यांची गाठ घालून देणं, हे माझं काम. त्यामुळे नॉर्वेकडे जाण्याआधी आपल्या तुरुंगांत नेमकं कोण आहे ते सांगतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि जागा होती ४,३६,२६६ जणांची. या माणसांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांचा खटला संपलेला नाही आणि ज्यांना कुठल्याही न्यायाधीशाने अजून दोषी म्हटलेलं नाही, असे. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. देशातल्या सगळ्या बराकींची मिळून जेवढी क्षमता आहे, जवळजवळ तेवढे तर कच्चे कैदीच आहेत. शिक्षा झालेला एकही माणूस आत नसता तरी आपले तुरुंग भरलेलेच राहिले असते. महाराष्ट्रातली गर्दी तर देशाच्या सरासरीहून जास्त आहे. "गुन्हेगारांना सुविधा कशाला" असं आपण म्हणतो, तेव्हा आतल्या दर चार माणसांतल्या तिघांबद्दल आपण निकालाआधीच निकाल दिलेला असतो.

आता एक उदाहरण. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण मुलगा. आठवडी बाजारातल्या मोबाईल चोरीच्या गुन्ह्यात त्याचं नाव आलं. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी. जामीन अर्ज मंजूर झाला: पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःचं हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. त्याची आई विड्या वळते. ऑर्डर झाली तेव्हा तिला वाटलं, पोरगं आज रात्री घरी जेवायला येणार. मी विचारलं, "जामीनदार कोण उभा राहणार?" तिला तो शब्द ऐकून माहीत होता, पण त्याला काय काय लागतं हे कुणी सांगितलं नव्हतं. नावावर शेत किंवा घर हवं. सातबारा किंवा घराचा उतारा, घरपट्टी भरल्याची पावती, आधार, रेशन कार्ड, फोटो हवेत. आणि आरोपी पळाला तर रक्कम भरायची तयारी हवी.

"आमच्यात कुणाच्या नावावर काय आहे दादा? खोली भाड्याची. मालकाला इचारलं तर तो म्हणतोय, खोलीच खाली करा."

तिचा एक भाऊ होता, इंडी तालुक्यात. आमच्याकडच्या कितीतरी घरांचं असंच आहे, अर्धं गोत सीमेपलीकडे कर्नाटकात. त्याची थोडी कोरडवाहू जमीन होती, पण तिची पहाणी, म्हणजे तिकडचा सातबारा, कानडीत. वर सोसायटीचा बोजा आणि चार भावांची नावं. परजिल्ह्यातला, त्यातून परराज्यातला जामीनदार चालेल की नाही हे तिला कुणी धड सांगेना. दरम्यान आवाराबाहेर एक माणूस भेटला. पैसे द्या, जामीनदार उभा करतो, म्हणाला. असे धंदेवाईक जामीनदार असतात. एकाच सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर ते कितीतरी खटल्यांत उभे राहिलेले असतात, आणि पकडले गेले की भुर्दंड आत बसलेल्याला पडतो. तिने त्याला पैसे दिले नाहीत, हे नशीब.

शेवटी विधी सेवेच्या वकिलांनी अर्ज दिला. जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरायची परवानगी मिळाली आणि आईने बचत गटातून पैसे उचलले. पैसे भरले त्या दिवशी रिलीज ऑर्डर संध्याकाळच्या आत तुरुंगाच्या पेटीत पडली नाही, म्हणून आणखी एक रात्र गेली. गणपतीत जामीन झालेला मुलगा दिवाळी उलटल्यावर बाहेर आला. मागावर तोवर दुसरा कामगार लागला होता. त्या मुलाने मोबाईल चोरला की नाही हे मला माहीत नाही. कोर्टालाही अजून माहीत नाही, खटला चालू आहे. पण सातबारा असता तर तो जामीन झाला त्याच आठवड्यात सुटला असता, हे मला पक्कं माहीत आहे.

यात सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट ही, की हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच पाहिलेला आहे. मोतीराम नावाचा मध्य प्रदेशातला एक गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला, पण खाली दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाचा जामीन नाकारला, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती अट मोडून काढली आणि त्याला हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलं. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून खटला आला. बिहारमध्ये कच्चे कैदी वर्षानुवर्षं पडून होते. त्यांतल्या काहींवर जो आरोप होता, तो सिद्ध होऊन कमाल शिक्षा झाली असती तरी ते त्याआधीच सुटले असते. पुष्पा कपिला हिंगोरानी या वकीलबाईंनी ते प्रकरण लढवलं, न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने जलद खटला हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगितलं, आणि त्यातून देशभर सुमारे चाळीस हजार कच्चे कैदी सुटले.

त्यानंतर पंचेचाळीस वर्षं गेली आणि आमच्याकडची आई इंडीच्या भावाची पहाणी घेऊन हिंडते. कायदा कमी पडलेला नाही. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट निर्देश दिले: जामीन ऑर्डरची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात जावी, सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर अट सैल करायची का, याचा विचार कोर्टाने आपणहून करावा, आणि स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरू नये. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तीत जामिनाची रक्कम भरता येत नसलेल्या कच्च्या कैद्याला सुरुवातीला ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. जिल्ह्याची समिती ती मंजूर करते. मात्र आत बसलेल्या माणसाला योजनेचं नावही माहीत नसतं. गुन्हे नोंद विभागाचा तोच अहवाल सांगतो की आपल्या कैद्यांतले साधारण दोन तृतीयांश दहावीपर्यंतही पोचलेले नाहीत. त्यांना ते कळवणारं कुणीतरी लागतं, आणि तो दुवाच बहुतेक वेळा तुटलेला असतो.

हे फक्त गरीब देशांचं दुखणं आहे असं समजू नका. न्यूयॉर्कमध्ये २०१० साली कलिफ ब्राउडर या सोळा वर्षांच्या मुलाला पाठीवरची पिशवी चोरल्याच्या आरोपावरून धरलं. जामिनाची रक्कम तीन हजार डॉलर, घरच्यांकडे ती नव्हती. रायकर्स आयलंडच्या तुरुंगात खटल्याविना तो तीन वर्षं राहिला, त्यातली सुमारे दोन वर्षं एकांत कोठडीत. २०१३ मध्ये आरोपच मागे घेतले गेले. २०१५ मध्ये त्याने घरी आत्महत्या केली. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी केंद्रीय तुरुंगांत अल्पवयीनांच्या एकांतवासावर बंदी आणली, तेव्हा त्यांनी याच मुलाचं नाव घेतलं. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये इलिनॉय हे पैसे भरून मिळणारा जामीन पूर्ण बंद करणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य ठरलं. आता तिथे माणूस समाजाला धोकादायक आहे का, तो पळून जाईल का, एवढंच न्यायाधीश बघतात. त्याच्या खिशात किती आहे हे बघत नाहीत.

आता नॉर्वे. तुम्ही फोटो पाहिलेत ते बहुधा हाल्डेन तुरुंगाचे असतील. तो २०१० साली सुरू झाला. खोलीत संडास-बाथरूम, खिडकीला गज नाहीत, सामायिक स्वयंपाकघर, हे सगळं खरं आहे. त्यामागचा त्यांचा विचार असा की शिक्षा म्हणजे स्वातंत्र्य काढून घेणं. ते घेतलं की शिक्षा तिथे पूर्ण झाली, त्यावर घाण, मारहाण, अपमान यांची भर घालायची नाही. कारण बहुतेक कैदी कधी ना कधी सुटून कुणाच्या तरी शेजारी राहायला येणारच असतात. सुटल्यावर दोन वर्षांत पुन्हा शिक्षा होणाऱ्यांचं प्रमाण तिथे साधारण वीस टक्के सांगतात. वेगवेगळे देश हे वेगवेगळ्या रीतीने मोजतात, म्हणून या आकड्याची थेट तुलना करण्याच्या मी विरोधात आहे. आणि नॉर्वे म्हणजे साधारण पंचावन्न लाखांचा देश. आपला एकटा सोलापूर जिल्हा २०११ च्या जनगणनेत ४३ लाखांचा होता.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे: हाल्डेनच्या इमारती आपल्याला परवडणार नाहीत आणि त्यांची घाईही नाही. नॉर्वेकडून घ्यायचंच असेल तर तिथल्या तुरुंग कर्मचाऱ्याचं प्रशिक्षण घ्या. ते दोन वर्षांचं असतं, आणि त्यात कायदा, मानसशास्त्र, माणसांशी बोलणं हे सगळं शिकवतात. आपल्याकडे एकेका शिपायावर प्रचंड गर्दी सांभाळायची जबाबदारी असते. त्याच्याकडून समुपदेशकाचं काम कसं होणार? आधी गर्दी कमी केली तर त्याचंही काम माणसाचं होईल.

संयुक्त राष्ट्रांचे कैद्यांविषयीचे किमान नियम १९५५ चे. २०१५ मध्ये ते सुधारले आणि सत्तावीस वर्षं कैदेत काढलेल्या नेल्सन मंडेलांचं नाव त्यांना दिलं. ते वाचले तर "लाड" हा शब्द तुम्ही मागे घ्याल असं मला वाटतं. बाहेरच्या माणसाला मिळतात तेवढेच औषधोपचार आत मिळावेत. सलग पंधरा दिवसांपेक्षा जास्त एकांतवास नको. कच्चे कैदी शिक्षा झालेल्यांपासून वेगळे ठेवावेत. एवढीच तर मागणी आहे. वेगवेगळ्या तुरुंगांतून सुटून आलेली माणसं मला दोनच गोष्टी हमखास सांगतात: रात्री एका कुशीवर झोपावं लागतं, उताणं व्हायला जागा नसते, आणि खरूज. बराकीत एकाला झाली की सगळ्यांना होते. सुटून आलेला माणूस माझ्याशी बोलताना बोटांच्या बेचक्या खाजवत असतो. टीव्ही त्यांच्यापैकी कुणी मागितलेला मला आठवत नाही.

सोलापूरकर म्हणून आणखी एक सांगावंसं वाटतं. आमच्या शहरात सेटलमेंट नावाचा भाग आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या. त्यांना तारेच्या कुंपणात वसवलं, हजेरी लावली, बाहेर जायला पास लावला. लेकरू जन्मलं तेच संशयित म्हणून. ३१ ऑगस्ट १९५२ ला ती माणसं कायद्याने मुक्त झाली, तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण सराईत गुन्हेगारांचे कायदे मागाहून आले आणि संशय तसाच राहिला. गावात चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर गाडी जाते, हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत स्वयंपाक कुणी करायचा आणि संडास कुणी साफ करायचे हे जातीवरून ठरत होतं. ते नियम घटनाबाह्य ठरले, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक करू नका असंही बजावलं. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी हे सांगावं लागलं. मानवाधिकारांवर एवढं का बोलायचं, असं तुम्ही विचारलंत. या कारणासाठी बोलायचं.

सुधारणा ही परदेशातून आणायची चीज आहे असंही नाही. आमच्या सांगोल्याला लागून आटपाडी तालुका आहे. तो पूर्वी औंध संस्थानात होता. तिथे १९३९ साली भवानराव पंतप्रतिनिधींच्या राज्यात, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून स्वतंत्रपूर उभं राहिलं. जन्मठेपेचे कैदी, भिंत नाही, बायकामुलं सोबत, आणि पोटासाठी शेती. हाल्डेनच्या सत्तर वर्षं आधी, माणदेशाच्या दुष्काळी माळावर! ती खुली वसाहत आजही तुरुंग विभागाकडे आहे. राजस्थानात सांगानेरला १९६३ पासून असंच चाललंय. कैदी कुटुंबासह राहतात, दिवसा बाहेर कामाला जातात, संध्याकाळच्या हजेरीला परत येतात. भिंती, मनोरे, पहारे हाच तुरुंगाचा मोठा खर्च, आणि खुल्या तुरुंगात तोच वाचतो. तेव्हा परवडण्याचा मुद्दा उलटा आहे. बंद बराकीत कच्च्या कैद्यांना वर्षानुवर्षं पोसणं आपल्याला परवडत नाहीये.

आणि ज्याच्यावर गुन्हा झाला त्याचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच, असायलाच हवा. बलात्कार, खून, ॲसिड हल्ला अशा प्रकरणांत ज्याच्यापासून खरोखर धोका आहे त्याला जामीन मिळू नये, या मताचा मी आहे. पण मोबाईल गेलेल्या माणसाला चोर विनाखटला आत सडल्याने मोबाईल मिळत नाही. त्याला निकाल हवा असतो आणि तोच लांबतो. साक्षीदार विसरतात, गाव सोडून जातात. पीडितांना भरपाई देण्याची तरतूद कायद्यात आहे, महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. त्यासाठीचे अर्जही विधी सेवा प्राधिकरणाकडेच येतात. एकाच कार्यालयात दोन्ही बाजूंची माणसं बसलेली मी बघतो. एकाला मिळालेल्या हक्कामुळे दुसऱ्याचं काही कमी झालेलं मला दिसलं नाही.

तुमच्या किंवा हे वाचणाऱ्या कुणाच्या ओळखीचं माणूस जामीन होऊनही आत असेल तर एवढं करा. जामीन ऑर्डरची नक्कल मिळवा आणि तिच्यावरची तारीख बघा. सात दिवस उलटले असतील तर जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतलं विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा, किंवा १५१०० ला फोन लावा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जामीनदाराची अट काढून जातमुचलक्यावर सोडावं किंवा रोख रक्कम घ्यावी असा अर्ज वकिलांकडून करून घ्या आणि त्यात २०२३ च्या निर्देशांचा उल्लेख आवर्जून करायला सांगा. गुन्हा जामीनपात्र असेल आणि अटकेपासून आठवड्यात जामीन देता आला नसेल, तर कायदा त्या माणसाला निर्धन मानतो आणि त्याला नुसत्या मुचलक्यावर सोडावं लागतं. जामीनच झाला नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम ४७९ चा हिशेब मांडा. आयुष्यातला पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ, एरवी निम्मा काळ आत गेला की सुटकेचा विचार व्हायलाच हवा. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेली माणसं त्यात बसत नाहीत. कमाल शिक्षा तीन वर्षांची असेल तर पहिल्या वेळच्या आरोपीसाठी ती मुदत एक वर्षाची होते. मुदत भरली की कोर्टाला तसा अर्ज करणं हे आता तुरुंग अधीक्षकांचं कर्तव्य आहे. तरी तुम्ही स्वतः तारखा मोजून तो हिशेब एका कागदावर लिहा आणि वकिलांच्या हातात द्या.